'नाही' आणि 'माहीत नाही'

गेले दोन-अडीच महिने इथे एक अक्षर लिहिलेलं नाही. कारणं नेहमीचीच. प्रोजेक्ट बदलला, टीम बदलली आणि शनिवारचं ऑफिस सुरू झालं. पाच वर्षं बँकेच्या व्याजदरांच्या आणि हप्त्यांच्या कोडमध्ये मान खाली घालून काढल्यावर एका सोमवारी मॅनेजरने बोलावून सांगितलं, "तुला हेल्थकेअरला टाकतोय. डोमेन नवीन आहे, पण तू पिक-अप करशील." आयटीतल्या मंडळींना याचा अर्थ सांगायला नको. ट्रेनिंग मिळणार नाही, एवढाच तो असतो.

माझं आणि बायॉलॉजीचं नातं दहावीनंतर संपलं. अकरावीला बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, कारण एक तर बेडूक कापायचा नव्हता आणि दुसरं म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सला दोनशेपैकी एकशेनव्वद कुठे जात नाहीत असं क्लासचे सर छातीठोकपणे सांगायचे. (गेले. पण तो वेगळा विषय.) त्यामुळे नवा क्लायंट म्हणजे कॅन्सरच्या गाठींची जनुकीय तपासणी करणारी लॅब आहे हे कळल्यावर पोटात थोडा गोळा आलाच. त्यात आमच्या घरात काकांचं आजारपण होऊन गेलेलं. त्यांना फुप्फुसाचाच कॅन्सर होता. २०२० च्या जानेवारीत गेले. तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो, आणि त्या वर्षभरात घरात जे शब्द ऐकू यायचे त्यातले निम्मे कळायचे नाहीत. आता तेच शब्द माझ्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये आले होते.

काम मात्र बघायला गेलं तर साधं होतं. मशीन निकाल देतं, टेक्निशियन तो फॉर्ममध्ये भरतो, डॉक्टर सही करतात, पीडीएफ बाहेर पडते. आमच्याकडे हा फॉर्म आणि ही पीडीएफ. प्रत्येक जनुकासाठी एक ओळ: ईजीएफआर, एएलके, आरओएस१, बीआरएएफ, केआरएएस. प्रत्येक ओळीपुढे ड्रॉपडाउन आणि त्यात तीन पर्याय. 'डिटेक्टेड', 'नॉट डिटेक्टेड' आणि 'इन्सफिशियंट'. म्हणजे आढळलं, आढळलं नाही, आणि नमुना पुरेसा नाही. बँकेत हेच करत होतो की! तिथे गाठीच्या जागी कर्ज होतं, इतकंच.

आता माझा पराक्रम ऐका. डेटा बघितला तर बहुतेक ओळींपुढे 'नॉट डिटेक्टेड'च असायचं. म्हटलं, टेक्निशियनचे क्लिक कशाला वाया घालवायचे? तोच पर्याय डिफॉल्ट ठेवला. जिथे काही सापडलं असेल तिथेच बदलायचं. आमचा लीड खूश. डेमोला त्याने खास उल्लेख केला, "एका रिपोर्टमागे चार क्लिक वाचतात." मी खुर्चीत जरा ताठ बसलो.

यूएटीला लॅबकडून एक पॅथॉलॉजिस्ट मॅडम आल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. चष्मा डोक्यावर, हातात मार्कर. क्वालिटीचं सगळं त्यांच्याकडे. आम्ही त्यांच्यासाठी छान टेस्ट केसेस लिहून ठेवल्या होत्या, त्यांनी त्या बाजूला सारल्या. नवीन पेशंट उघडला, नाव टाकलं, बाकी कशालाही हात न लावता सबमिट दाबलं. पीडीएफ आली. पाचही जनुकांपुढे स्वच्छ अक्षरांत 'नॉट डिटेक्टेड'.

"हे डिफॉल्ट कोणी ठेवलं?"

"मी, मॅडम."

"ह्या पेशंटची टेस्ट झालीच नाहीये. त्याचा तुकडा अजून मेणात पण नाही. आणि तू त्याला सांगून टाकलंस, की तुझ्यासाठी गोळी नाही."

लीड काहीतरी बोलायला गेला, व्हॅलिडेशन टाकू वगैरे. मॅडमनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाल्या, "तू परवा लॅबमध्ये ये. एक दिवस नुसता बघ. मग कोड लिही."

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी शिकवलेलं असतं, की नल म्हणजे झिरो नाही आणि नल म्हणजे फॉल्स पण नाही. इंटरव्ह्यूला मी स्वतः मुलांना हे विचारतो. आणि तरीही. असो.

तर मी गेलो. आधी एक सांगतो: 'जनुकीय तपासणी' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर निळ्या प्रकाशातली काचेची यंत्रं होती. तशी ती आहेतही, पण शेवटच्या खोलीत. पहिल्या खोलीत मेण, ब्लेड, गरम पाण्याचं तसराळं आणि एक टेबलफॅन (तो बंद ठेवायचा असतो, नाहीतर मेणाच्या चकत्या उडतात). पेशंटच्या फुप्फुसातून सुईने काढलेला तुकडा शेवईच्या तुकड्याएवढा असतो. तो फॉर्मलिनमध्ये मुरवतात, मग मेणात बसवून त्याचा छोटा ठोकळा करतात. त्याला सगळे 'ब्लॉक' म्हणतात. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याच्या चार-पाच मायक्रॉन जाडीच्या चकत्या काढून काचेवर घेतात.

"आमच्या निम्म्या चुका मशीनच्या आधी होतात," मॅडम म्हणाल्या. "मशीन बिचारं दिलं ते वाचतं."

फॉर्मलिनचंच घ्या. तुकडा त्यात साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तास राहावा अशी अपेक्षा असते. कमी राहिला तर नीट मुरत नाही. शुक्रवारी बायॉप्सी झाली, शनिवार-रविवार लॅब बंद, सोमवारी सुट्टी, असं झालं की तुकडा चार दिवस तसाच आणि आतल्या डीएनएचे तुकडे तुकडे. हाडातली गाठ असेल तर हाड मऊ करायला ॲसिडमध्ये ठेवतात, मग तर डीएनएची पूर्ण वाट. त्या हॉस्पिटलमध्ये त्या शुक्रवारी काय झालं हे चारशे किलोमीटरवरच्या लॅबला कळायचा मार्ग एकच. कोणीतरी फॉर्मवर वेळ लिहिलेली असली तर. आमच्या स्पेकमध्ये ती फील्ड होती. 'ऑप्शनल' होती.

मग मॅडमनी मला मायक्रोस्कोपला बसवलं. गुलाबी-जांभळं काहीतरी. त्यांनी काचेवर मार्करने एक गोल काढला. "ह्या गोलात कॅन्सरच्या पेशी किती टक्के असतील?" मी म्हटलं, सगळ्याच. त्या हसल्या. जांभळे बारीक ठिपके म्हणजे सूज आली की धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी, लांबट त्या धाग्यांच्या, तो पोकळ गोल म्हणजे रक्तवाहिनी. खऱ्या कॅन्सरच्या पेशी मोजून काढल्या तर शंभरात वीस.

आता इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. हिशोब करा. शंभर पेशी, प्रत्येकीत जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे दोनशे. कॅन्सरच्या वीस पेशींत प्रत्येकी एक प्रत बिघडलेली. म्हणजे दोनशेत वीस, दहा टक्के. सँगर सिक्वेन्सिंग ही जुनी पद्धत पंधरा-वीस टक्क्यांच्या खालचं नीट बघूच शकत नाही. तिला ती दहा टक्क्यांची रेघ खालच्या खरखरीत हरवून जाते. म्हणजे म्युटेशन आहे, यंत्र चालू आहे, टेक्निशियनने काही चूक केलेली नाही, आणि उत्तर येतं 'नॉट डिटेक्टेड'. खोटं नाहीच ते. आढळलं नाही हे खरंच आहे!

म्हणून त्या टक्केवारीला एवढं महत्त्व. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजने इतर दोन संस्थांबरोबर २०१३ मध्ये यासाठी मार्गदर्शक नियम काढले आणि २०१८ मध्ये ते कडक केले. कॅन्सरच्या पेशी वीस टक्के असल्या तरी ईजीएफआरचं म्युटेशन पकडता येईल अशीच पद्धत वापरा, असं त्यात आहे. गंमत अशी, की ती टक्केवारी शेवटी माणूसच डोळ्यांनी ठरवतो, आणि एकच काच वेगवेगळ्या पॅथॉलॉजिस्टांना दाखवली तर अंदाजात बरीच तफावत पडते हे तपासून झालेलं आहे. मॅडम स्वतः शंका असली की शेजारच्या खोलीतल्या ज्युनियरला न सांगता तीच काच बघायला देतात. आपलं कोड रिव्ह्यू म्हणा ना.

एवढा जीव का काढायचा, हे समजायला थोडा इतिहास हवा. गेफिटिनिब नावाची गोळी जपानमध्ये २००२ मध्ये आणि अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झाली. दिली की बहुतेकांना काही होत नसे, आणि मोजक्या लोकांची गाठ अशी विरघळे की डॉक्टरही चक्रावत. २००४ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांना कारण सापडलं. त्या मोजक्या लोकांच्या गाठीत ईजीएफआर जनुकात ठराविक बिघाड होते. बहुतेक वेळा दोनच: एक्झॉन १९ मधला एक छोटा तुकडा गायब, किंवा एक्झॉन २१ मध्ये एका अक्षराचा बदल, ज्याला एल८५८आर म्हणतात. हे बिघाड जन्मतः नसतात, गाठीतच तयार होतात. आणि सिगरेट न ओढणाऱ्यांत जास्त सापडतात.

२००९ मध्ये आयपास नावाच्या ट्रायलचे निकाल आले. पूर्व आशियातले बाराशेवर रुग्ण. म्युटेशन असलेल्यांत गोळीवर आजार साधारण साडेनऊ महिने आटोक्यात राहिला आणि केमोवर सव्वासहा. हे आपण ऐकतो. दुसरी बाजू मला मॅडमनी सांगेपर्यंत माहीत नव्हती. म्युटेशन नसलेल्यांना तीच गोळी दिली तर आजार दीड महिन्यातच पुढे सरकला, केमोवर तेच साडेपाच महिने. म्हणजे चूक दोन्हीकडे महाग आहे. 'आहे' ला 'नाही' म्हटलं तर गोळी हुकली, 'नाही' ला 'आहे' म्हटलं तर केमोचे महिने हुकले. पुढे ओसिमर्टिनिब आली, तिच्या ट्रायलमध्ये साडेनऊचे जवळजवळ एकोणीस महिने झाले. चुकीची किंमत तेवढीच वाढली.

आणि 'नाही' ला 'आहे' म्हणणं वाटतं तेवढं अवघड नाही. फॉर्मलिन डीएनएतल्या सी या अक्षराची रासायनिक मोडतोड करतं, आणि यंत्राला तो टी दिसतो. आता पहिल्या गोळ्यांना दाद न देणारं जे प्रसिद्ध म्युटेशन आहे, टी७९०एम, ते म्हणजे नेमका सी चा टी! म्हणजे लोणच्यात मुरलेल्या तुकड्यात खोटं म्युटेशन दिसू शकतं आणि ते अगदी खऱ्यासारखं दिसतं. आपल्याकडे लॉगिंगच्या कोडमुळेच एरर दिसायला लागतो, तसं. यावर उपाय आहेत. मोडलेली अक्षरं कापून टाकणारं एक एन्झाइम आधी घालतात, आणि एक-दोन टक्क्यांवर काही दिसलं तर नव्याने डीएनए काढून पुन्हा चालवतात. पण हे सगळं करायला वेळ लागतो, किट लागतं, आणि नातेवाईकांचा फोन तर रोज सकाळी येतोच.

ब्लेडचा प्रकार तर मला फारच आवडला (आवडला हा शब्द चुकीचा आहे, पण कळलं असेल). मायक्रोटोमवर एका पेशंटचा ब्लॉक कापला आणि ब्लेड न बदलता दुसऱ्याचा कापला, तर पहिल्याचा कण दुसऱ्याच्या काचेवर येऊन बसतो. विळीवर कांदा चिरून तशीच काकडी चिरली तर काकडीला वास येतो की नाही? इथे तो वास पीसीआरच्या मशीनमध्ये जातो आणि दर फेरीला दुप्पट होतो. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर. म्हणून ब्लेड बदलायचं. म्हणून पीसीआरच्या आधीची खोली वेगळी आणि नंतरची वेगळी, एप्रनचे रंग वेगळे, आणि पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत पेनसुद्धा आणायचं नाही. प्रत्येक बॅचमध्ये एक नळी नुसत्या पाण्याची असते. तिच्यात काही दिसलं तर अख्खी बॅच कचऱ्यात. "पाण्याला कॅन्सर झाला," तिथला टेक्निशियन मुलगा म्हणाला. वर्षातून एखादा दिवस असा येतो, आणि त्या दिवशी सगळे घरी उशिरा जातात.

पाण्याच्या उलट टोकाला पॉझिटिव्ह कंट्रोल. ज्यात म्युटेशन असल्याचं आधीच ठाऊक आहे असा नमुना. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पेशींपैकी एकींचं नाव एच१९७५. अमेरिकेत १९८८ मध्ये एका बाईच्या फुप्फुसाच्या गाठीतून या पेशी काढल्या. ती सिगरेट ओढत नव्हती. तिच्या पेशींत एल८५८आर आणि टी७९०एम दोन्ही आहेत, हे कळायला मात्र २००४-०५ उजाडलं. तिला स्वतःला गोळी मिळणं शक्यच नव्हतं, गोळीच नव्हती. आणि आता जगभरात कुठे ना कुठे तिच्या पेशी नळीत घालून बघतात, यंत्र आज बरोबर वाचतंय ना. मी त्या नळीकडे जरा जास्त वेळ बघत राहिलो असणार, कारण टेक्निशियन म्हणाला, "सर, हात नका लावू."

एक शंका मी विचारली. हे सगळं तुम्ही स्वतःच तपासता, मग तुम्हाला कोण तपासतं? तर त्याचीही परीक्षा असते. युरोपची ईएमक्यूएन, ब्रिटनची यूके नेक्वास, अमेरिकेचं कॉलेज, असे लोक सगळ्या लॅबना तेच नमुने पाठवतात, उत्तर न सांगता. लॅबने तपासून रिपोर्ट परत पाठवायचा. मार्क फक्त म्युटेशन ओळखल्याचे नसतात. रिपोर्टमध्ये अर्थ नीट लांवलाय का आणि पेशंटचं नाव-नंबर बरोबर आहे का, हेही बघतात. ईएमक्यूएनने ईजीएफआरसाठी घेतलेल्या जगभरच्या फेऱ्यांचे निकाल २०१४ मध्ये छापून आले, आणि त्यात सगळ्या लॅब काही पास झाल्या नव्हत्या. वैद्यकीय लॅबसाठीचं जे आयएसओ १५१८९ मानक आहे, आणि ज्यानुसार आपल्याकडे एनएबीएल मान्यता देतं, त्यात अशा परीक्षांना बसणं येतंच.

मी आगाऊपणे म्हटलं, "मग परीक्षेचा नमुना आला की सगळ्यात हुशार माणसाला बसवत असतील." क्लायंट डेमोला आपण वेगळं बिल्ड दाखवतो ते आठवून. मॅडम म्हणाल्या, "बसवतात की. म्हणून आमच्याकडे तो नेहमीच्या ढिगात जातो आणि ज्याची पाळी असेल तो करतो. नाहीतर परीक्षा कोणाची घेतली?"

जेवायला बसलो तेव्हा मी मुद्द्याचं विचारलं. एवढ्या अडचणी असतील तर सरळ 'इन्सफिशियंट' लिहून का मोकळे होत नाहीत? मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्यांनी डबा बाजूला ठेवला.

"ते लिहिणं फुकट नाही रे. मी इन्सफिशियंट लिहिलं की त्या माणसाच्या छातीत पुन्हा सुई जाते. फुप्फुसाला भोक पडून हवा बाहेर येऊ शकते. परत ॲडमिशन, परत पैसे. कित्येक जण पुन्हा बायॉप्सी करतच नाहीत. रक्तातून तपासता येतं हल्ली, पण तिथे पण तेच, रक्तात सापडलं तर आहे, नाही सापडलं तर काहीच सांगता येत नाही. डॉक्टर फोन करून म्हणतात, मॅडम काहीतरी द्या हो, पेशंट समोर बसलाय. आणि बारा मायक्रॉन टिश्यू उरलेला असतो. मग मी तोच पुन्हा खरवडते, पद्धत बदलते, दोन दिवस मागून घेते. आणि सगळं करून नाही जमलं तर लिहिते. पण लिहिते. निगेटिव्ह म्हणून ढकलत नाही."

मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट माझ्यापुढे आला ना, तर मी आधी तीन गोष्टी बघते. ट्यूमर किती टक्के, पद्धत कोणती, आणि नेमकं काय काय तपासलं. किटला एक्झॉन १९ मधले जेवढे प्रकार ठाऊक आहेत तेवढेच दिसतात. तुमच्या टेस्ट केसेससारखं. जे लिहिलंच नाही ते फेल कसं होणार? ह्या तीन गोष्टी नसतील तर त्या निगेटिव्हला माझ्या लेखी किंमत नाही."

मी डाळभात पुढे ढकलला. मला काकांचा रिपोर्ट आठवत होता. एक पान होतं, एवढं नक्की.

ऑफिसात परत आल्यावर डिफॉल्ट काढलं. आता ड्रॉपडाउन रिकामं उघडतं आणि रिकामं ठेवून सबमिट होत नाही. ट्यूमरची टक्केवारी भरल्याशिवाय 'नॉट डिटेक्टेड' निवडताच येत नाही, आणि टक्केवारी पद्धतीच्या मर्यादेखाली असेल तर पीडीएफवर पहिल्याच ओळीत तसं छापलं जातं. फॉर्मलिनची वेळ 'ऑप्शनल' होती ती सक्तीची केली, सोबत 'हॉस्पिटलने कळवलेली नाही' असा एक पर्याय दिला. लीडने हिशोब केला: एका रिपोर्टमागे नऊ क्लिक वाढले. रिलीज नोटमध्ये त्याने हे 'एनहान्समेंट' म्हणून घातलं. बग लिहायला तयार नव्हता. मी दोनदा बदललं, त्याने दोनदा परत बदललं. शेवटी मी सोडून दिलं. बग माझाच होता, त्यामुळे फार ताणायला तोंडही नव्हतं.

मागच्या शनिवारी मिरजेला गेलो होतो. काकू एकटीच असते आता. काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले होते. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही या माणसाने. खोकला सुरू झाला तेव्हा पहिले तीन महिने टीबीची औषधं चालली. एक्स-रेत डाग दिसला की आपल्याकडे आधी टीबीच आठवतो, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरच्या बऱ्याच रुग्णांची सुरुवात अशीच होते. मग सीटी स्कॅन, बायॉप्सी, मग तो रिपोर्ट. तेव्हा घरात एक वाक्य सारखं ऐकू यायचं: "गोळीवाला टाइप नाहीये." केमो झेपली नाही.

जेवणं झाल्यावर म्हटलं, "काकू, काकांची फाईल आहे का गं?"

"आहे की. कशाला रे आता?"

"असंच. नव्या प्रोजेक्टला लागते माहिती."

तिने लोखंडी कपाटाच्या वरच्या खणातून प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली आणि चहा टाकायला गेली. बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये एक शब्द होता, 'स्कँटी'. तुकडा अगदी थोडा. त्याच्या मागचं पान दुसऱ्या लॅबचं. काकांचं नाव, वय, 'ईजीएफआर म्युटेशन: नॉट डिटेक्टेड', आणि सही. टक्केवारी नाही. पद्धत नाही. काय तपासलं ते नाही. मी पान उलटून मागे पण बघितलं.

इंजिनिअर माणूस, हिशोब केलाच. टाटा मेमोरियलच्या लोकांनी २०१३ मध्ये ९०७ भारतीय रुग्णांचे आकडे छापले होते, या प्रकारच्या कॅन्सरचे. त्यात ईजीएफआरचं म्युटेशन २३ टक्क्यांत होतं. सिगरेट न ओढणाऱ्यांत जास्त धरू. तरीही तो रिपोर्ट बरोबर असण्याचीच शक्यता अधिक आहे. मी हे स्वतःला दोन-तीनदा सांगितलं.

फाईलच्या तळाशी झिपची छोटी पुडी होती आणि तिच्यात ब्लॉक. पांढरट मेण, मध्ये मोहरीएवढा करडा ठिपका, बाजूला पेन्सिलने लिहिलेला नंबर. पुण्यात दाखवायचं ठरलं होतं तेव्हा हॉस्पिटलने हातात दिला होता, तो तसाच राहिला.

काकू चहा घेऊन आली. "ते मेण टाकून देऊ का रे? मला काही कळत नाही त्यातलं."

"राहू दे," मी म्हटलं. "मी नेतो." काय आहे ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. जाताना भडंग आणि खाकऱ्याचा डबा दिला, त्याच पिशवीत.

सोमवारी मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. हे तपासून आता कोणालाच उपयोग नाही हे मला माहीत आहे. म्युटेशन गाठीतलं असतं, वंशाने येत नाही, त्यामुळे माझ्या चुलतभावालाही त्याचं काही नाही. मॅडम म्हणाल्या, "पाठव. पैसे नको देऊस. पण ब्लॉक इतक्या वर्षांचा आहे आणि तुकडा छोटा. इन्सफिशियंट आलं तर तसंच लिहून देईन, चालेल ना?"

चालेल म्हटलं. ब्लॉक सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहे, उन्हापासून लांब. कुरियरवाल्याचा नंबरही काढून ठेवलाय.